विल्यम मॉरिस : व्हिक्टोरियन दिवाणखान्याशी भांडणारा कारागीर

ब्रिटनमधील जुन्या वस्तूंच्या लिलावात ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ अशी ६३ वर्षे गादीवर होती. एवढ्या दीर्घ काळात जे जे लाकूडसामान घडले, त्या साऱ्यावर हीच एक चिठ्ठी चिकटवली जाते. फळाफुलांच्या कोरीवकामाने ओथंबलेले महोगनीचे अवजड साइडबोर्ड व्हिक्टोरियन, आणि लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीची, एका हाताने उचलता येणारी काळी खुर्चीही व्हिक्टोरियनच. लंडनच्या उपनगरातील जुने घर घेऊन ते त्याच काळाच्या सामानाने सजवावे अशी हौस आपल्यापैकी अनेकांना असते. या दोन वस्तू शेजारी शेजारी मांडताना त्या एकमेकींच्या वैरी आहेत, याची मात्र सहसा कल्पना नसते. दुसरी वस्तू ज्याच्या दुकानातून आली, त्याने पहिलीच्या विरोधात हयात वेचली. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

तांब्याच्या खाणीवर वाढलेले बालपण

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी वॉल्थमस्टो येथे झाला. हा भाग आज लंडनमध्ये मिसळून गेला असला, तरी तेव्हा तेथे शेते आणि जवळच एपिंगचे अरण्य होते. वडील लंडन शहरात हुंड्यांचे दलाल होते. त्यांनी डेव्हन परगण्यातील एका तांब्याच्या खाणीचे भाग घेतले. पुढे डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या या खाणीला १८४४ मध्ये तांब्याची मोठी शीर लागली आणि कुटुंब अल्पावधीत श्रीमंत झाले. १८४७ मध्ये वडील वारले. पण खाणीच्या उत्पन्नामुळे घराला ओढाताण जाणवली नाही. सज्ञान झाल्यावर मॉरिसला वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळू लागले. पोटासाठी काम करण्याची गरज त्याला नव्हती. तरीही पुढे तो जन्मभर हाताने राबला, आणि श्रमातील आनंद हाच त्याच्या विचारांचा गाभा ठरला.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात थोर जागतिक प्रदर्शन भरले. यंत्रयुगाचा तो महोत्सव होता. वाफेच्या यंत्रांबरोबर तेथे ब्रिटिश लाकूडसामानाचेही वैभव मांडले होते : कोरीवकामाने लगडलेली कपाटे, कागदाच्या लगद्यापासून बनवून शिंपल्याने मढवलेल्या खुर्च्या, स्प्रिंगांवर गाद्या ताणून बटणांनी टाचलेले कोच. सतरा वर्षांचा मॉरिस कुटुंबाबरोबर तेथे गेला, पण आत शिरायलाच त्याने नकार दिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा हटवादीपणा पोरवयातला खरा. मात्र त्यामागची चीड पुढे तर्कशुद्ध झाली.

ती चीड समजून घ्यायची तर त्या काळचा दिवाणखाना डोळ्यांपुढे आणावा लागतो. होंडुरास आणि कॅरिबियन प्रदेशातून महोगनी जहाजे भरभरून येत होती. यंत्राने कापलेला तिचा पातळ पापुद्रा स्वस्त लाकडावर चिकटवला, वर लाखेचे झगझगीत पॉलिश चढवले, की मध्यमवर्गीय घरातही सरदारी थाट उभा राहत असे. पृष्ठभाग एक सांगायचा, आतले लाकूड दुसरेच असायचे. खोलीत चालायलाही जागा उरू नये इतके सामान कोंबणे हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले होते. मॉरिसचा आक्षेप केवळ रुचीचा नव्हता. त्या वस्तू घडवणाऱ्या माणसाला त्या घडवताना कोणते जीवन जगावे लागले, हा त्याचा प्रश्न होता.

जिन्यात अडकलेला बाक

१८५३ मध्ये तो धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र भेटला. दोघांनी जॉन रस्किनचे ग्रंथ वाचले. मध्ययुगीन चर्चचा दगड घडवणाऱ्या गवंड्याला स्वतःच्या बुद्धीने काही करण्याची मोकळीक होती, कारखान्यातील मजुराला ती नाही, हा रस्किनचा विचार त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. १८५५ मध्ये उत्तर फ्रान्समधील कॅथीड्रले पाहून परतताना दोघांनी धर्मसेवेचा विचार सोडला आणि कलेला वाहून घेण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी मॉरिस वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट याच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. ती फार काळ टिकली नाही. पण तेथे भेटलेला फिलिप वेब हा तरुण वास्तुविशारद त्याचा आयुष्यभराचा सहकारी झाला.

लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये मॉरिस आणि बर्न-जोन्स यांनी बिऱ्हाड केले, तेव्हा त्या रिकाम्या खोल्यांसाठी बाजारातली एकही वस्तू त्यांच्या पसंतीस उतरेना. मग मॉरिसने स्वतःच रेखाटने केली आणि शेजारच्या सुताराकडून सामान करवून घेतले : मोठे गोल टेबल, अवाढव्य खुर्च्या आणि वर कपाटे असलेला एक उंच बाक. मापाचा अंदाज इतका चुकला होता, की बाकाचे सामान आले त्या दिवशी जिना आणि बोळ लाकडाच्या ठोकळ्यांनी बंद होऊन गेले. मित्रांनी यथेच्छ थट्टा केली. व्यवसाय म्हणून त्याने पुढे जे उभारले, त्याचा पाया मात्र या फसलेल्या मापातच होता.

लाल विटांचे घर

१८५९ मध्ये मॉरिसने जेन बर्डन हिच्याशी विवाह केला. ती ऑक्सफर्डमधील एका घोडेवाल्या नोकराची मुलगी होती. चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटी आणि त्याच्या मित्रांसाठी ती चित्राला बसत असे. नवदांपत्यासाठी वेबने केंट परगण्यातील बेक्स्लीहीथ येथे घर बांधले. तेव्हाच्या धनिकांच्या घरांच्या विटा गिलाव्याखाली दडवल्या जात. येथे त्या उघड्याच ठेवल्या होत्या. घराचे नावही साधे : रेड हाउस. जिन्यातला तो कुप्रसिद्ध बाक येथे आणला गेला, त्यावर वेबने छोटा सज्जा बसवला, आणि तो आजही तेथेच आहे. बर्न-जोन्सने लग्नाची भेट म्हणून एका कपाटाच्या दारांवर चॉसरच्या कथेतील प्रसंग रंगवले. ते कपाट आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. भिंती मित्रांनी रंगवल्या, पडदे जेन आणि मॉरिस यांनी मिळून भरतकामाने सजवले. जुने भरतकाम उसवून त्याचे टाके कसे घातले आहेत हे दोघे शिकले.

या घराच्या सजावटीतूनच १८६१ मध्ये मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी जन्मली. भागीदार सात, प्रत्येकाने आरंभी एक पौंड घातला, आणि मॉरिसच्या आईने १०० पौंड कर्जाऊ दिले. रंगीत काचांच्या खिडक्या, लाकूडसामान, भरतकाम, फरशा आणि लवकरच वॉलपेपर असा पसारा वाढत गेला. १८६२ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचे सामान मांडले गेले. ज्या प्रकारच्या प्रदर्शनाच्या दाराशी अकरा वर्षांपूर्वी तो अडून बसला होता, तेथे आता तो विक्रेता म्हणून उभा होता.

१८६५ मध्ये पैशाची चणचण आणि लंडनला रोजची ये-जा यांमुळे रेड हाउस सोडावे लागले. तेथे राहायला मिळाली ती जेमतेम पाच वर्षे. पुन्हा ते घर पाहणे मनाला सोसणार नाही म्हणून तो तिकडे कधी फिरकला नाही.

सात शिलिंगांची खुर्ची

मॉरिसचे नाव आज प्रामुख्याने वेलबुट्ट्यांच्या नक्षीशी जोडले जाते. लाकूडसामानाचे बहुतेक आराखडे मात्र वेबचे आणि नंतरच्या काळात जॉर्ज जॅकचे होते. दृष्टी मॉरिसची होती. त्याने सामानाचे दोन वर्ग केले. बसण्याच्या खुर्च्या, जेवणाची आणि कामाची टेबले हे रोजच्या वापरातले सामान भक्कम, साधे आणि प्रमाणबद्ध असावे. त्यावर उगाच नक्षी नको. साइडबोर्ड, मोठी कपाटे असे मानाचे सामान मात्र थोडे असावे, पण त्यावर कोरीवकाम, जडावकाम, रंगकाम मनसोक्त करावे. सर्वच वस्तू सारख्याच नटवल्या, की कशालाच शोभा राहत नाही, हा त्यामागचा विचार.

पहिल्या वर्गाचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे ससेक्स खुर्ची. ससेक्स परगण्यातील खेडुतांच्या जुन्या खुर्च्यांवरून ती बेतली होती : कातून काढलेल्या बारीक दांड्या, काळा रंग आणि लव्हाळ्याची विणलेली बैठक. तिच्या साध्या प्रकाराची किंमत होती ७ शिलिंग. १८६० च्या दशकापासून विसाव्या शतकातही ती विकली जात राहिली. दुसरी म्हणजे पाठ मागे-पुढे करता येणारी आरामखुर्ची. कंपनीचा व्यवस्थापक वॉरिंग्टन टेलर याने ती ससेक्समधील एका सुताराकडे पाहिली आणि तिचे रेखाटन वेबकडे पाठवले. १८६६ च्या सुमारास कंपनीने ती बाजारात आणली. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिक्लीसारख्या निर्मात्यांनी तिच्या आवृत्त्या काढल्या आणि ‘मॉरिस चेअर’ हे तेथे सामान्यनाम झाले. आजच्या रिक्लायनरची ती पूर्वज. खेड्यातील अनामिक सुताराची कल्पना मॉरिसच्या नावाने जगभर गेली. कंपनीने मूळ कोठले ते लपवले नाही, एवढेच त्यातले समाधान.

निळीने माखलेले हात

१८७१ मध्ये त्याने ऑक्सफर्डशरमधील केल्मस्कॉट येथील जुना वाडा रोझेटीबरोबर भाड्याने घेतला. जेन आणि रोझेटी यांच्यातील जवळीक तोवर लपून राहिलेली नव्हती. मॉरिसने दोघांना त्या वाड्यात सोडून त्या उन्हाळ्यात आइसलँडची वाट धरली. घर सुंदर कसे असावे हे अवघ्या देशाला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला स्वतःच्या घरात मनःशांती आली नाही. आपल्या दुःखाचे भांडवल त्याने केले नाही; तो कामात अधिकाधिक बुडत गेला.

१८७५ मध्ये भागीदारी मोडून मॉरिस अँड कंपनी एकट्याच्या मालकीची झाली. त्याच सुमारास तो लीक येथे टॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत वनस्पतिजन्य रंग शिकू लागला. कोळशाच्या डांबरापासून बनणारे नवे रंग भडक होते आणि ते विटतही लवकर. त्याने जुने ग्रंथ धुंडाळले, नीळ आणि मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर यांचे प्रयोग केले. दिवसच्या दिवस त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. १८८१ मध्ये लंडनजवळ मर्टन ॲबी येथे नदीकाठी त्याने स्वतःचा कारखाना उभारला. १८८३ मध्ये तेथे छापलेले ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड, म्हणजे केल्मस्कॉटच्या बागेतील स्ट्रॉबेऱ्या चोरणारे पक्षी. ते छापण्यासाठी आधी सबंध कापड निळीत बुडवायचे, मग नक्षीच्या जागी रंग उडवायचा आणि तेथे लाल-पिवळे रंग भरायचे. या एका कापडाला कित्येक दिवस लागत.

रंगांच्या या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. तांबे कमी झाल्यावर डेव्हनची खाण सोमलाच्या, म्हणजेच आर्सेनिकच्या जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली, आणि मॉरिस १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिचा संचालक होता. व्हिक्टोरियन वॉलपेपरांतील हिरव्या रंगात सोमल असे. मॉरिसच्या सुरुवातीच्या एका वॉलपेपरच्या नमुन्यातही ते असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत आढळले. लोक आजारी पडतात अशी ओरड होऊ लागली, तेव्हा १८८५ मध्ये वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात त्याने ती भीती निराधार ठरवली. मजुराच्या सुखाविषयी इतक्या पोटतिडकीने बोलणारा माणूस आपल्या उत्पन्नाच्या उगमाकडे इतका उशिरा पाहतो, ही विसंगती त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही.

मुंबईकडून आलेले धागे

बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना हिची बहीण ॲलिस जॉन लॉकवुड किपलिंगला दिली होती. हा किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकवायला गेला. रुडयार्डचा जन्म तेथलाच. पुढे इंग्लंडमध्ये पोरक्यासारखे दिवस काढणारा लहानगा रुडयार्ड सुटीत मावशीकडे येई, तेव्हा मॉरिस मुलांच्या झुलत्या घोड्यावर बसून त्याला आइसलँडच्या कथा सांगत असे.

दुसरा धागा जॉर्ज बर्डवुड यांचा. बेळगावात जन्मलेल्या बर्डवुड यांनी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर वाटा उचलला होता. भारतीय हस्तकलांवरील त्यांच्या लिखाणाबद्दल १८७९ मध्ये इंग्लंडमधील कलावंतांनी त्यांना मानपत्र दिले, त्यावर मॉरिसची सही होती. त्याच वर्षी बर्मिंगहॅममधील व्याख्यानात मॉरिसने खंत व्यक्त केली, की इंग्लंडचा स्वस्त माल आणि व्यापारी धोरण भारतातील जिवंत कारागिरी संपवत आहे. ज्या काळात आपल्याकडचे विणकर माग सोडून मजुरीला लागत होते, त्या काळात लंडनच्या एका दुकानदाराने हे आपल्या ग्राहकवर्गासमोर बोलून दाखवणे सोपे नव्हते.

श्रीमंतांचे घर, गरिबांचा प्रश्न

१८८० मध्ये त्याने घरसजावटीचा जो नियम सांगितला तो आजही ठिकठिकाणी छापलेला दिसतो. आशय असा, की जी वस्तू उपयोगी आहे याची खात्री नाही किंवा जी सुंदर आहे असे मनापासून वाटत नाही, तिला घरात थारा देऊ नये. त्याच भाषणातील यादी मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. बसायच्या खोलीत काय हवे? पुष्कळ पुस्तके असलेले कपाट, लिहिताना न डुगडुगणारे टेबल, सहज हलवता येणाऱ्या काही खुर्च्या, बसायला किंवा लवंडायला एक बाक, खणांचे एक कपाट, भिंतीवर एखादे खरे चित्र नाहीतर फुलदाणीत फुले, आणि शेकोटी. एवढेच. हॅमरस्मिथच्या त्याच्या स्वतःच्या घरी जेवणाच्या उघड्या ओकच्या टेबलावर कापडसुद्धा अंथरलेले नसे.

तरीही त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढणारे बहुतेक लोक धनिक होते. हाताने केलेले काम स्वस्त पडत नाही, हे साधे गणित त्याच्या तत्त्वाच्या आड आले. एका उद्योगपतीच्या वाड्याची सजावट करताना तो अचानक भडकला आणि श्रीमंतांच्या ओंगळ चैनीची सेवा करण्यात आपला जन्म जातो आहे, अशा अर्थाचे बोलून गेला. या अस्वस्थतेतून तो १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत उतरला. पुढची वर्षे त्याने रस्त्याच्या कोपऱ्यांवर भाषणे केली आणि चळवळीच्या वर्तमानपत्रासाठी अमाप पैसा खर्च केला. कारखाना विकून पैसे वाटले का नाहीत, असा प्रश्न त्याला विचारला जाई; एका कारखान्याच्या वाटणीने व्यवस्था बदलणार नाही, असे त्याचे उत्तर होते. हे उत्तर सर्वांना पटले नाही, आणि बहुधा त्यालाही पुरते पटले नसावे.

अखेरच्या वर्षांत त्याने केल्मस्कॉट मुद्रणालय काढले. १८९६ मध्ये तेथून चॉसरचा सचित्र ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला वयाच्या ६२ व्या वर्षी मॉरिसचे निधन झाले. केल्मस्कॉटच्या दफनभूमीपर्यंत त्याची शवपेटी पानाफुलांनी सजवलेल्या शेतगाडीतून नेली. चॉसर ज्या हातयंत्रावर छापला, ते पुढे आनंद कुमारस्वामी यांच्याकडे आले. सिंहली कलेवरचा आपला १९०८ सालचा ग्रंथ त्यांनी त्यावरच छापला.

जुने विकत घेताना

मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे टोपणनाव होते ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली. जुन्या वास्तूचा कालौघात आलेला थर खरवडून तिला नवे रूप देणे म्हणजे तिचा नाश. गळती थांबवा, मोडलेले सांधा, बाकीचे असू द्या, ही तिची भूमिका. ती लाकूडसामानालाही तंतोतंत लागू पडते. शंभर-दीडशे वर्षांच्या टेबलावरचा मुरलेला रंग रसायनाने काढून वर नवी चकाकी चढवली, की इतिहासही जातो आणि बहुधा किंमतही.

त्याच्या नजरेने वस्तू पाहायची तर पुढच्या नक्षीऐवजी खण बाहेर ओढून त्याची कड पाहावी. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्यांत दात थोडे कमी-जास्त असतात, यंत्राचे एकसारखे. तळाची फळी, मागची बाजू, खुर्चीच्या पायांची झीज या जागा सहसा खोटे बोलत नाहीत. आणि शेवटी त्याचाच प्रश्न स्वतःला विचारावा : ही वस्तू आपण रोज वापरणार आहोत का, की पाहुण्यांना दाखवणार आहोत?

रेड हाउस, केल्मस्कॉटचा वाडा आणि वॉल्थमस्टो येथील त्याचे लहानपणीचे घर, म्हणजे आजचे विल्यम मॉरिस संग्रहालय, ही सारी ठिकाणे पाहता येतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कंपनीने १८६० च्या दशकात सजवलेल्या हिरव्या भोजनगृहात आजही चहा पिता येतो. त्याच्या काळी जे केवळ थोड्यांना परवडत होते, तेथे आता कोणीही जाऊन बसू शकतो. आयुष्यभर पोखरणाऱ्या त्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे. पण हा शेवट मॉरिसला आवडला असता.